नसलेल्या काविळीची माळ

"आधी हिचा लिव्हरचा रिपोर्ट आणा. नॉर्मल असेल तर सोमवारपासून वर्गात बसवते. त्याशिवाय नाही."

डोंबिवलीतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये मी बसलेले आणि मला कळेना, मध्येच हे लिव्हर आलं कुठून! मी आलेले वेगळ्याच कामाला. शेजारी मुलीची आई होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि पर्सची चेन उघड-बंद करत बसली.

मी सायकिॲट्रिक सोशल वर्कर. ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात मानसोपचार विभागात बावीस वर्षं काम करतेय. डॉक्टर औषधं देतात, सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. पेशंट बरा होऊन घरी निघाला की माझी पाळी. घर, नोकरी, शाळा, शेजारीपाजारी, या सगळ्यांत त्याला परत रुजवायचं. त्यातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे दहावीच्या मुलाला शाळेत परत पाठवणं. हात मोडला तर प्लास्टरवर सह्या करायला अख्खा वर्ग धावतो. मन आजारी पडलं की आईबाप आधी दार लावून घेतात.

या मुलीला केतकी म्हणू. दहावी ब. जून संपता संपता हिचं जेवण सुटलं, मग झोप गेली, मग बोलणं गेलं. "सगळं माझ्यामुळे होतंय" एवढं एकच वाक्य उरलं. डिप्रेशन, आणि तेही चांगलंच खोल. एकोणीस दिवस आमच्याकडे ॲडमिट होती. औषधं लागू पडली, पोरगी हळूहळू वर आली. डिस्चार्जच्या दिवशी मला म्हणाली, "मॅडम, शाळेत कधी जाऊ?" आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकायला मिळालं की त्या दिवशी चहा गोड लागतो.

तर मी शाळेत आलेले ती सोय लावायला. आमच्याकडे त्याला ग्रेडेड रिटर्न म्हणतात. म्हणजे पहिला आठवडा रोज दोनच तास, दुसरा मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. सोबत एक छोटं कार्ड द्यायचं. जीव घाबरा झाला की मुलीने ते बाकावर ठेवायचं, शिक्षकांनी काही न विचारता बाहेर सोडायचं. एवढंच सांगायचं होतं, तेही आईच्या परवानगीने आणि आजाराचं नाव न घेता. अर्ध्या तासाचं काम.

पण मुख्याध्यापिका बाई लिव्हरवरून हलेनात.

"अहो, कावीळ म्हणजे खेळ आहे का? पालकांनी मला तीन आठवडे झोपू दिलेलं नाही. यांनी ग्रुपवर टाकलं, केतकीला कावीळ. त्याच आठवड्यात आणखी दोघांना उलट्या झाल्या. झालं! शाळेचं पाणी खराब, टाकीत शेवाळ, कोणी म्हणे टाकीत कबूतर पडलंय. चाळीस पालक इथे, या दारात उभे!"

"मग?"

"मग काय, टाकी रिकामी करून घासली. पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट स्वच्छ आला तर म्हणे, धुतल्यावर नमुना घेतलात, स्वच्छच येणार. शेवटी पाण्याचं बघणारी बाई होती, शेवंता, तिला कामावरून थांबवलं. कॉन्ट्रॅक्टवरची आहे, एजन्सीला कळवलं, पाठवू नका. तेव्हा कुठे ग्रुप गप्प झाला."

मी घाईने उठले. कारण तोवर मला आठवायला लागलेलं.

बाहेर गेटपाशी आल्यावर मी केतकीच्या आईला गाठलंच. "कावीळ? अहो, कावीळ काय सांगितलीत तुम्ही?"

तिने इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. "तुम्हीच म्हणालात मॅडम! ॲडमिट करून तिसरा दिवस होता. शाळेतून सारखा फोन येत होता. मी तुम्हाला पॅसेजमध्ये विचारलं, काय सांगू? तुम्ही चालता चालता म्हणालात, काहीही सांगा हो, कावीळ झाली म्हणा, तीन आठवडे कोणी विचारणार नाही!"

मी जीभ चावली. म्हणालेच होते. चार फाइली काखेत, वॉर्डमधून हाका, आणि मी जन्माची घाईची. माझा नवरा म्हणतो, तू बसलेली मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिली. ट्रेनिंगला येणाऱ्या पोरींना मी दरवर्षी बजावते, खोट्या आजाराचं नाव कधीही सुचवायचं नाही. "बरं नव्हतं, आता बरं आहे, जास्त बोलायचं नाही" ही तीन वाक्यं पुरतात. आणि स्वतः काय केलं? बाईच्या हातात कावीळ ठेवली आणि लिफ्टमध्ये शिरले.

ठाण्याला परत आल्यावर सरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले की असं करतात.

"तू? बावीस वर्षांनी?"

"हो सर. मी."

"आता निस्तर. पण एक लक्षात ठेव. त्या मुलीच्या आणि आईवडिलांच्या मर्जीशिवाय आजाराचा एक शब्द शाळेला सांगायचा नाही. कायदा आहे."

"माहीत आहे सर."

"खोट्या आजाराचं नाव सुचवू नये, हेही तुला माहीत होतं," सर म्हणाले. मी फाइली उचलल्या आणि निघाले.

गुरुवारी संध्याकाळी केतकीच्या घरी गेले. वडील ऑफिसमधून लवकर आलेले आणि खुशीत होते. मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघा मॅडम, लिव्हर टेस्ट. आज सकाळीच रक्त दिलं. सगळं नॉर्मल! उद्या शाळेत देतो, विषय संपला."

रिपोर्ट नॉर्मल येणारच होता, कावीळ झालेलीच कुठे! पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. कागद खरा, आकडे खरे, कोणी खोटं बोलत नाही, मुलगी सोमवारी वर्गात. शेवंताचं पुढे बघू. मी चक्क म्हणालेही, "हां, हे चालेल."

तेवढ्यात केतकी आतल्या खोलीतून बाहेर आली. हातात फोन. वर्गातल्या मैत्रिणीचा मेसेज होता, बिचारीने सहज लिहिलेला: लवकर ये, तुझी कावीळ फेमस झालीय, शेवंतामावशीला पण काढलं तुझ्यामुळे, आता नवीन माणूस बाटल्या भरू देत नाही.

"हे खरंय?" केतकीने विचारलं.

बाप मोबाइलकडे बघतोय, आई भिंतीकडे, मी चपलांकडे.

"मावशीला माझ्यामुळे काढलं?"

"तुझ्यामुळे नाही बाळा," मी म्हटलं. "चूक माझी आहे. कावीळ मी सुचवली."

"पण आजारी मी होते ना." ती माझ्यासमोर येऊन बसली. आवाज शांत, आणि तोच मला खटकला. "हॉस्पिटलमध्ये तुम्ही रोज वहीत लिहायला लावायचात. 'हे माझ्यामुळे झालं असं मला वाटतं. पुरावा काय?' मी लिहायचे, पुरावा नाही. आता आहे."

'सगळं माझ्यामुळे' हे वाक्य आम्ही केस पेपरवर लक्षण म्हणून लिहितो. पुरावा शोध, पुरावा नाही, म्हणजे ते खरं नाही, असं तीन आठवडे तिला शिकवलं. या वेळी ते लक्षण नव्हतं, बातमी होती. आणि ती बातमी मी घडवलेली.

"मावशी परत येईपर्यंत मी शाळेत नाही जाणार," ती म्हणाली आणि आत गेली.

वडील भडकले. "दहावीचं वर्ष आहे! टाकीवालीसाठी घरी बसणार?"

"मग खरं सांगूया," मी म्हटलं. "फक्त मुख्याध्यापिकांना. कावीळ नव्हती, पाण्याशी संबंध नव्हता, एवढंच."

"आणि त्यांनी विचारलं, मग काय होतं?" आई म्हणाली. "मॅडम, माझ्याकडे सहावी-सातवीची मुलं ट्यूशनला येतात. त्याच शाळेतली. उद्या त्यांच्या आया काय म्हणतील? हिची मुलगीच तिकडे होती, ही काय शिकवणार? दहावी होऊ दे. मग हवं तर सांगू सगळ्यांना."

"तोवर ती बाई काय करेल?"

"मला नका सांगू हो आता!" आई रडायलाच लागली. मग मी पाणी आणून दिलं आणि निघाले. दुसरं काय करणार, परवानगी नाही म्हणजे नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार. ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दर दोन तासांनी फोन. काय खाल्लं? अर्धी पोळी. झोपली? चारला उठून बसलेली. बोलली? नाही. पहिल्या वेळी हे असंच सुरू झालेलं, याच क्रमाने. घरात मी गॅस पुसला, परत पुसला, कपाट काढलं, लावलं, परत काढलं. नवरा म्हणाला, "अगं, जा तरी तिकडे, नाहीतर बस तरी." मला दोन्ही जमेना. रविवारी सरांना फोन केला. ते म्हणाले, "मंगळवारपर्यंत बघ. नाहीतर परत ॲडमिट करू. उगाच ताणू नकोस."

परत ॲडमिट! एकदा बरं होऊन घरी गेलेलं मूल महिन्याच्या आत परत वॉर्डात आलं की त्याचा स्वतःवरचा विश्वासच उडतो. मग शाळा राहते बाजूला. हे मी अनेकदा पाहिलंय, आणि आता यातलं एक माझ्या नावावर लागणार होतं.

सोमवारी दुपारी मी परत त्यांच्याकडे गेले. वडील ऑफिसला गेलेले. केतकी सोफ्याच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी काहीबाही बोलत होते, ती मान हलवत होती. तेवढ्यात बेल वाजली.

दारात पन्नाशीची एक बाई. बारीक अंगाची, साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. केतकी ताडकन उठली. "मावशी!"

हीच ती शेवंता. दिवा गावातून आलेली. पत्ता केतकीच्या मैत्रिणीकडून घेतला म्हणाली. आईच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तिला वाटलं, भांडायला आली. मलाही तेच वाटलं.

"या ना, बसा," आई कशीबशी म्हणाली.

"बसत न्हाई ताई, लगेच निघते." शेवंताने केतकीकडे नीट पाहिलं, अगदी डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत. "लय वाळली गं पोर. पण डोळं साफ दिसतात. उतरली म्हणायची." मग आईकडे वळली. "ताई, मी टाकी दर रविवारी सोताच्या हातानं घासायचे. आमच्याकडं दिव्याला पाणी दिवसाआड येतं, ते पण अर्धा तास. मला पाण्याची किंमत कळते ओ. हंडा विसळल्याशिवाय मी पोरांना पाणी दिलं न्हाई कधी. पण आता सगळेच म्हणतात, तर कुठं कोपऱ्यात राहिलं असेल काय, कोण जाणे. रातदिस तेच डोक्यात. माझ्या हातनं पोर आजारी पडली."

तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत एक छोटी माळ होती. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेले. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे काविळीची माळ देणारे लोक असतात. ही माळ पेशंटच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरत जाईल तशी माळ वाढत वाढत गळ्यात आणि मग कमरेपर्यंत येते, असं मानतात. मी हॉस्पिटलातली बाई, माझा यावर काडीचा विश्वास नाही.

"शहाडच्या पुढं एक म्हातारबाबा देतात," शेवंता म्हणाली. "सकाळी उपाशीपोटी जाऊन आणावी लागते. आज सकाळी जाऊन आणली. अंगात राहिली असेल थोडी तर निघून जाईल. घालू?"

केतकीने मुकाट्याने मान पुढे केली. शेवंताने दोन्ही हातांनी माळ उचलली.

"थांबा!"

केतकीची आई ओरडली. अक्षरशः ओरडली. पुढे होऊन तिने शेवंताचे हात धरले, माळेसकट.

"नका घालू. हिला कावीळ झालीच नव्हती हो. मी खोटं सांगितलं. शाळेला, सगळ्यांना. तुमची काही चूक नाही. तुम्ही उपाशीपोटी जाऊन... काय केलं मी हे!"

शेवंताने माळ सोफ्यावर ठेवली. "मग काय झालेलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी केतकीकडे. सांगायचं की नाही हे ठरवायचा अधिकार आता तिचाच होता.

"मन आजारी पडलेलं, मावशी," केतकी म्हणाली. "जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, काहीच नको वाटायचं. ठाण्याला ॲडमिट होते. डोक्याच्या डॉक्टरांकडे."

आई डोळे मिटून उभी. गेले पाच आठवडे या एका वाक्याला ते घर घाबरून होतं. शेवंताने केतकीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग परत केतकीकडे.

"म्हंजे टाकी साफ होती?" तिने विचारलं.

"हो मावशी. साफ होती."

"मी सांगत होते!" शेवंता एकदम मोठ्याने म्हणाली. "मी सांगत होते सगळ्यांना, टाकी साफ आहे म्हणून! कबूतर म्हणे! झाकण मी दगड ठेवून बंद करते, कबूतर काय दगड उचलून आत जाईल?"

आणि केतकी हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग हसता हसता रडायला लागली. शेवंताने तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "होतं गं असं. माझ्या धाकट्या जावेला पण झालेलं. गोळ्या खा नीट." बस्स. एवढंच. मी बावीस वर्षं समुपदेशन करतेय, मला याच्या पुढे काही सुचलं नसतं.

जाताना शेवंताने माळ परत मागून घेतली. कोणाला तरी लागेल म्हणाली.

त्या रात्री केतकीच्या आईवडिलांचं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मंगळवारी सकाळी तिघेही शाळेच्या गेटवर हजर होते. वडिलांच्या हातात लिव्हर रिपोर्ट नव्हता. केबिनमध्ये आधी मी बोलले. कावीळ मी सुचवली, चूक माझी, लेखी देते. मग केतकीने स्वतः सांगितलं.

मुख्याध्यापिका बाईंनी आधी दार लावून घेतलं. मग जे सुरू झाल्या! "मला मूर्ख बनवलंत. चाळीस पालकांसमोर मी शाळेचं पाणी खराब म्हणून मान खाली घातली. एका बाईचं काम गेलं. आणि तुम्ही, तुम्ही तर प्रोफेशनल ना?" मी ऐकून घेतलं. खोटं काय बोलत होत्या? मग त्या केतकीकडे वळल्या. आवाज खाली आला. "तू मात्र मला आधी सांगायला हवं होतंस गं. मी काय खाल्लं असतं तुला?"

पालकांच्या ग्रुपवर शाळेने चार ओळी टाकल्या. विद्यार्थिनीचा आजार काविळीचा नव्हता, संसर्गाचा नव्हता, शाळेच्या पाण्याशी त्याचा संबंध नव्हता, संबंधित कर्मचारी पुन्हा रुजू होत आहेत. मग कशाचा होता, असं सहा जणांनी विचारलं. शाळेने उत्तर दिलं नाही. एजन्सीने बरेच आढेवेढे घेतले, बाईंनी चार फोन केले, तेव्हा दहा दिवसांनी शेवंता परत आली. केतकीही त्याच दिवशी आली. तिने तारीखच तशी मागून घेतलेली, आणि आम्ही सगळ्यांनी गपगुमान दिली.

सगळं गोड झालं असं नाही. आईच्या ट्यूशनमधल्या दोन मुली कारण न सांगता बंद झाल्या. वर्गात एकाने केतकीला विचारलंच, "कावीळ नव्हती तर काय होतं?" तिने 'बरं नव्हतं, आता बरं आहे, जास्त बोलायचं नाही' ही तीन वाक्यं म्हटली. तो म्हणाला, "ओके, गणिताची वही देऊ का?" पहिल्या आठवड्यात तिने कार्ड चार वेळा बाकावर ठेवलं, दुसऱ्यात एकदा. प्रिलिमला बसली. दोन विषयांत काठावर आली, पण बसली.

माझ्यापुरता धडा छोटा आहे. "शाळेला काय सांगू?" असं कोणी पॅसेजमध्ये विचारलं की आता मी उत्तर देत नाही. त्यांना खोलीत नेते, फाइली खाली ठेवते, खुर्ची ओढते आणि बसते. पाच मिनिटं जास्त जातात. ट्रेनिंगच्या पोरींना वाटतं, मॅडम थकल्या.

महिन्याने फॉलोअपसाठी शाळेत गेले तेव्हा उन्हातून आलेले, घाईत. व्हरांड्यात शेवंता पाण्याच्या नळापाशी उभी होती. मला पाहून तिने स्टीलचा ग्लास दोनदा विसळला, भरला आणि पुढे केला. मी उभ्याउभ्याच तोंडाला लावणार, तेवढ्यात तिने ग्लास मागे घेतला.

"बसून प्या मॅडम," ती म्हणाली. "पाणी उभ्यानं पिऊ नये."

मी पायरीवर बसले. आणि प्याले.